बहुविध शिक्षणगरजा असलेल्या मुलाचं शाळेतलं वर्ष कसं आखावं

शाळेच्या जनरल रजिस्टरला नाव चढतं जूनमध्ये, आणि शिकवणं खऱ्या अर्थाने सुरू होतं कधी कधी दिवाळीनंतर. मधले महिने प्रमाणपत्राची वाट पाहण्यात, ‘विशेष शिक्षक येतील तेव्हा बघू’ म्हणण्यात आणि मुलाला शेवटच्या बाकावर पाटी-खडू देऊन बसवण्यात जातात. हे महिने वाचवता येतात. ते कसे, हे पुढे टप्प्याटप्प्याने दिलं आहे. उदाहरणं नाशिक शहर आणि जिल्ह्यातल्या शाळांना जुळतील अशी घेतली आहेत.

इथे ज्या मुलांचा विचार आहे त्यांची अडचण एकपदरी नसते. सेरेब्रल पाल्सीमुळे (मेंदूला इजा झाल्याने स्नायूंवर ताबा नसणं) हात वळत नाही आणि त्याचं बोलणंही इतरांना समजत नाही. स्वमग्नतेच्या (ऑटिझमच्या) जोडीला बौद्धिक अक्षमता आहे. दिसतंही कमी आणि ऐकूही कमी येतं. शिवाय फिट्स येतात. अशा मुलाला आठवड्यातून एकदा तालुक्याच्या गट साधन केंद्रातून येणाऱ्या विशेष शिक्षकाच्या एका तासाने फार काही मिळत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये प्राथमिकला १० मुलांमागे आणि त्यापुढच्या वर्गांना १५ मुलांमागे एक विशेष शिक्षक हे प्रमाण सांगितलं आहे. प्रत्यक्षात एकाच व्यक्तीला अनेक शाळा फिराव्या लागतात. म्हणून कामाची वाटणी आधीच ठरवून टाका: विशेष शिक्षक आखून देतील, शिकवून दाखवतील आणि तपासतील, रोजचं काम वर्गशिक्षक आणि मदतनीस करतील. ही वाटणी मान्य नसेल तर बाकीचं सगळं कागदावरच राहतं.

आधी कान, डोळे आणि घरची भाषा

मूल ‘लक्ष देत नाही’ म्हणायच्या आधी त्याची श्रवण आणि दृष्टी तपासून घ्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत वर्षातून एकदा येतं. त्यांच्या तपासणीत नाव राहिलं असेल तर पालकांबरोबर चिठ्ठी देऊन जिल्हा रुग्णालयात पाठवा. कानात साचलेला मळ किंवा वाहणारा कान यामुळे ‘मतिमंद’ ठरलेली मुलं आजही सापडतात.

दुसरी गोष्ट भाषेची. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर भागातून द्राक्षाच्या हंगामात आई-वडिलांबरोबर निफाड-दिंडोरीच्या शाळेत आलेलं मूल घरी कोकणी (कोकणा आदिवासींची बोली) किंवा वारली बोलत असेल, आणि मालेगाव-सटाण्याकडचं अहिराणी. ‘नळ बंद कर’ हे पुस्तकी मराठीत कळलं नाही म्हणजे समज कमी असं नव्हे. तीच सूचना पालकांकडून घरच्या भाषेत द्यायला लावा. तेव्हा मूल उठून नळ बंद करत असेल, तर प्रश्न वेगळा आहे.

पहिले १५ दिवस फक्त बघायचं

या दिवसांत नवीन काही शिकवू नका. दिवसातून चार वेळा, प्रत्येकी १० मिनिटं, कोणीतरी एकाने मुलाकडे बघून लिहायचं: परिपाठ, वर्गातला एक तास, शालेय पोषण आहार आणि मोकळी सुट्टी. कागदाचे तीन रकाने करा: आधी काय घडलं, मुलाने काय केलं, लगेच नंतर काय झालं. ‘चिडला’, ‘हट्ट केला’ असे शब्द नकोत. ‘भोंगा सुरू झाला, दोन्ही कान दाबले, खाली बसला, बाईंनी बाहेर नेलं’ असं लिहा. १५ दिवसांनी वाचताना याच नोंदीतून कारणं दिसतात. ‘हट्ट केला’मधून काहीच दिसत नाही.

एनसीईआरटीचं ‘प्रशस्त’ नावाचं तपासणी साधन आहे. त्याचा पहिला भाग वर्गशिक्षकाने, दुसरा विशेष शिक्षकाने भरायचा असतो. याच काळात ते भरून टाका. ते निदान नाही, पुढे कुठे पाठवायचं याची दिशा आहे.

पालकांना ‘मुलाला काय येतं?’ असं विचारलं की ‘सगळं कळतं त्याला’ किंवा ‘काहीच येत नाही’ यापैकी एक उत्तर येतं. नेमकं विचारा: पाणी हवं असेल तर काय करतो? जेवताना ठसका लागतो का? फिट आली होती का, शेवटची कधी, औषध कोणतं आणि किती वाजता? रात्री झोपतो का? शौचाला किती वाजता जातो? कशाला घाबरतो? काय दिलं की हमखास हसतो? शेवटचा प्रश्न सर्वात उपयोगी आहे, कारण पहिला महिना तुमचं शिकवणं त्या एका गोष्टीवर चालणार आहे.

कागदपत्रं चालू राहू द्या, पण त्यांच्यासाठी थांबू नका

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये २१ प्रकार आहेत. ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वयाच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. प्रमाणपत्र नसलं तरी प्रवेश नाकारता येत नाही, हे कार्यालयात बसणाऱ्यांनाही एकदा सांगून ठेवा.

युडीआयडी कार्डासाठी, म्हणजे दिव्यांगांच्या राष्ट्रीय ओळखपत्रासाठी, स्वावलंबन पोर्टलवर अर्ज, मग नेमून दिलेल्या रुग्णालयात मंडळासमोर तपासणी असा क्रम आहे. शहरातल्या पालकांना त्र्यंबक रोडचं जिल्हा रुग्णालय माहीत असतं. तिथे एक हेलपाटा वाया जाऊ नये म्हणून आधार, राहण्याचा पुरावा, फोटो आणि जुने सगळे डॉक्टरी कागद एका फाइलमध्ये लावून द्या. सोबत तुमच्या १५ दिवसांच्या नोंदींचं एक पान ठेवा. दहा मिनिटांच्या तपासणीत डॉक्टरांना जे दिसत नाही, ते त्या पानावर असतं.

तीन चुका वारंवार होतात. आधारवरचं आणि जनरल रजिस्टरमधलं नाव जुळत नाही, आणि हे दहावीच्या फॉर्मच्या वेळी लक्षात येतं. दोन अडचणी असताना प्रमाणपत्रावर एकच नोंदली जाते. प्रमाणपत्र हातात पडताच वाचून घ्या. तिसरी चूक शाळेची: युडायस या शाळांच्या सरकारी ऑनलाइन नोंदीत दिव्यांगत्वाचा प्रकार भरलेलाच नसतो किंवा चुकीचा असतो. समग्र शिक्षा योजनेत मुलामागे वर्षाला ३,५०० रुपयांपर्यंतची तरतूद आणि मुलींना महिना २०० रुपये, १० महिने असा भत्ता आहे. वाहतूक, मदतनीस, वाचक यांचे भत्तेही त्यातूनच येतात. हा सगळा पैसा त्या नोंदीच्या मागोमाग येतो.

घरी शिक्षण हा पर्याय शिक्षण हक्क कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने तीव्र आणि बहुविध दिव्यांगत्व असलेल्या मुलांसाठी आला. तो निवडायचा अधिकार कुटुंबाचा आहे. ‘घरीच ठेवा, आम्ही येऊन शिकवू’ असं शाळेनेच सुचवणं ही मुलाला दाराबाहेर काढण्याची सभ्य पद्धत झाली आहे.

वैयक्तिक आराखडा: तीन उद्दिष्टं, दहा आठवडे

आराखडा ठरवायची बैठक ४० मिनिटांची. मुख्याध्यापक, वर्गशिक्षक, विशेष शिक्षक, आई किंवा वडील, आणि असेल तर मदतनीस. आजी सांभाळत असेल तर आजींना बोलवा. आई-वडिलांपेक्षा त्यांना जास्त माहीत असतं. तपासणी कॅम्पसाठी भरलेले २० कलमांचे तक्ते इथे कामाचे नाहीत. उद्दिष्टं तीन, फार तर चार. त्यातलं एक तरी पालकांनी सांगितलेलं असावं.

‘संवादकौशल्य सुधारेल’ हे उद्दिष्ट नव्हे. उद्दिष्ट असं लिहा: ‘जेवणाच्या सुट्टीत चार चित्रांतून हवं ते चित्र उचलून बाईंच्या हातात देईल, कोणी न सांगता, आठवड्यातल्या ५ दिवसांपैकी ४ दिवस, सलग २ आठवडे.’ कुठे, काय, किती मदतीने, किती वेळा, ही चार उत्तरं वाक्यात नसतील तर दहा आठवड्यांनी भांडण होतं: बाई म्हणतात जमतं, आई म्हणते जमत नाही, आणि दोघीही खरं बोलत असतात. उद्दिष्टाशेजारी आज काय स्थिती आहे ते तारखेसह लिहा, नाहीतर पुढे तुलना कशाशी करणार?

शिकवताना मदतीची उतरंड ठेवा: हात धरून, कोपराला हलका स्पर्श, बोटाने खूण, शब्दाने सूचना, काहीच नाही. सूचना दिल्यावर मनात १ ते १० मोजा आणि गप्प राहा. सगळ्यात जास्त चूक इथेच होते. सेरेब्रल पाल्सीच्या मुलाला हात उचलायलाच सात-आठ सेकंद लागतात. तोपर्यंत आपण दोनदा सूचना देऊन, हात धरून काम उरकलेलं असतं. असं महिनाभर चाललं की मूल शिकतं एकच गोष्ट: थांबलं की बाई करून देतात. अशी सवय सुटायला ती लागण्यापेक्षा जास्त दिवस लागतात. शब्दाची सूचना तर सर्वात चिकट. खूण कमी करता येते, ‘हं, घे, घे की’ म्हणणं शिक्षकाला थांबवता येत नाही.

अनेक पायऱ्यांचं काम शेवटाकडून शिकवा. हात धुण्याच्या सात पायऱ्या धरा: नळ उघडणं, हात ओले करणं, साबण घेणं, चोळणं, धुणं, नळ बंद करणं, पुसणं. पहिल्या सहा तुम्ही हात धरून करून घ्या, पुसणं त्याचं त्याला करू द्या. ते जमलं की नळ बंद करणं आणि पुसणं. प्रत्येक वेळी काम त्याच्या हातून पूर्ण होतं, आणि लगेच ताटावर बसायला मिळतं.

नोंद सोपी हवी, नाहीतर तिसऱ्या आठवड्यात बंद पडते. भिंतीवर एक कागद, आठवड्याचे रकाने, प्रत्येक प्रयत्नाला एक अक्षर: ‘स्व’ म्हणजे स्वतः, ‘खू’ म्हणजे खुणेने, ‘हा’ म्हणजे हात धरून. दर शुक्रवारी ५ मिनिटं मोजा. तीन आठवडे अक्षरं बदलली नाहीत तर पायरी मोठी आहे. ती अर्धी करा. सलग दोन आठवडे बहुतेक ‘स्व’ दिसले तर माणूस आणि जागा बदला: दुसऱ्या सरांबरोबर, दुसऱ्या खोलीत, मग घरी. फक्त एकाच बाईंसमोर जमणारी गोष्ट अजून आलेली नाही असं समजा.

चित्रं, खोली आणि दिवसाचा क्रम

न बोलणाऱ्या मुलासाठी चित्रकार्डं सुरुवातीला दोनच घ्या, साधारण ६ बाय ६ सेंटीमीटर, लॅमिनेट करून कोपरे गोल कापलेली. बाजारातली कार्टून चित्रं नकोत. त्याच शाळेतल्या माठाचा, त्याच्याच डब्याचा मोबाइलने काढलेला फोटो. एक कार्ड आवडत्या गोष्टीचं, दुसरं नावडत्या: केळं आणि मोजा, उदाहरणार्थ. मोज्याचं कार्ड दिलं तर मोजाच द्या, हसू नका, रागावू नका. तिथेच त्याला कळतं की चित्राने काहीतरी घडतं. दोन्हीतला फरक पक्का झाला की कार्ड वाढवा. वेलक्रोची खरखरीत बाजू फळ्यावर आणि मऊ बाजू कार्डावर, किंवा उलट, पण सगळ्या शाळेत एकच. दोघांनी दोन पद्धतीने केलं की निम्मी कार्डं चिकटतच नाहीत, आणि ऐन जेवणाच्या वेळी मूल फळ्यावर हात आपटत राहतं.

‘कार्डं वापरली तर बोलणार नाही’ ही भीती बहुतेक घरांत असते. कार्ड हे बोलण्याला अडवत नाही. देताना तुम्ही शब्द उच्चारता, म्हणून उलट मदतच होते. हे पालकांना पहिल्याच बैठकीत सांगा.

दिवसाच्या क्रमासाठी पाच-सहा फोटोंची उभी पट्टी: परिपाठ, वर्ग, संसाधन कक्ष (विशेष शिकवणीची खोली), जेवण, खेळ, घर. झालेलं कार्ड काढून खालच्या खिशात टाकायचं. बदल असेल तर सकाळीच कार्ड बदला. सिंहस्थाच्या कामांसाठी रस्ता वळवल्याने रिक्षा वेगळ्या वाटेने आली, एवढ्यावर स्वमग्न मुलाचा अख्खा दिवस बिघडू शकतो. रिक्षावाल्या काकांकडेही मुख्याध्यापकांचा नंबर हवा.

संसाधन कक्षात ३० ते ४० मिनिटं, शक्यतो सकाळच्या सत्रात. चित्रकला, खेळ, संगीत या तासांना मुलाला बाहेर काढू नका. इतर मुलांत मिसळायची त्याची तीच वेळ असते. रोज गणितालाच बाहेर काढलं तर गणित कायमचं सुटतं, म्हणून तास फिरते ठेवा. खोलीला महागडं साहित्य लागत नाही. एक चटई, एक उतरती लिहिण्याची फळी, पाय टेकवायला लाकडी पाट, जाड मुठीच्या दोन-तीन पेन्सिली, वाळूचं घड्याळ आणि एकसारखे तीन-चार डबे. डावीकडच्या डब्यांत काम, उजवीकडे ‘झालं’चा डबा. काम किती आहे आणि कधी संपणार हे मुलाला दिसलं की अर्धा आरडाओरडा कमी होतो. वेळ मोजायला मोबाइल ठेवू नका; मग तो घड्याळ राहत नाही.

बसणं, जेवण, शौच

तोल सांभाळू न शकणारं मूल सगळी ताकद न पडण्यात घालवतं. लिहायला उरत नाही. खुर्चीत कंबर, गुडघा आणि घोटा तिन्ही काटकोनात, तळपाय पूर्ण टेकलेले, टेबल कोपराच्या उंचीला. पाय लोंबकळत असतील तर पाट सरकवा. पट्टा बांधायचा तो फिजिओथेरपिस्टला विचारून, आणि कमरेला. छातीला ओढणी बांधणं धोक्याचं आहे.

भरवताना मान मागे टाकून घास सोडू नका. पाठ सरळ, हनुवटी किंचित खाली, भरवणारा मुलाच्या डोळ्यांच्या पातळीला बसलेला. अशा मुलांना पातळ वरणापेक्षा घट्ट, मऊ खिचडी सोपी जाते आणि साधं पाणी सर्वात अवघड. दर घासाला ठसका किंवा जेवल्यावर घशातून घरघर ऐकू आली तर थांबा आणि डॉक्टरांना कळवा. अन्न श्वासनलिकेत जात असू शकतं. जेवल्यावर अर्धा तास आडवं करू नये.

शौचासाठी आठवडाभर वेळा लिहा, मग त्या वेळेच्या १० मिनिटं आधी न्या. आधाराला भिंतीत पाइप आणि दाराला आतून पडदा, एवढं तरी हवंच. मोठ्या मुलीसाठी पाळीच्या दिवसांत कोण मदत करेल, पॅड कुठे ठेवलेत, हे सातवीच्या आधीच आईशी बोलून ठरवा. मदत करताना दरवेळी ‘आता कपडे बदलूया का?’ असं विचारून थांबायचं. कोणीही आपल्या अंगाला हात लावावा हे गृहीत धरायला मूल शाळेत शिकलं, तर ते बाहेर त्याच्यावर उलटतं.

वर्तन आणि फिट

ओरडणं, चावणं, स्वतःला मारणं यामागे बहुतेक वेळा चारपैकी एक कारण असतं: लक्ष हवं, वस्तू हवी, काम टाळायचं, किंवा शरीराला ती संवेदना हवी किंवा सहन होत नाही. पण वर्तन अचानक, चार-पाच दिवसांत सुरू झालं असेल तर आधी दुखणं शोधा: दात, कान, बद्धकोष्ठता, पाळी.

ओरडलं की घरी पाठवायचं, हा अनेक शाळांचा उपाय आहे. काम टाळण्यासाठी ओरडणाऱ्या मुलाला यातून नेमकं बक्षीस मिळतं आणि पुढच्या आठवड्यात ते लवकर ओरडतं. त्याऐवजी ‘थांबा’चं कार्ड द्या. ओरडण्याआधी कार्ड दिलं की लगेच २ मिनिटं सुटका, मग त्याच कामाचा छोटा तुकडा. ओरडण्याला बक्षीस बंद केल्यावर पहिले काही दिवस ओरडणं वाढतं. हे सगळ्यांना आधी सांगून ठेवा. नाहीतर तिसऱ्या दिवशी कोणीतरी हार मानतं आणि मूल शिकतं की जास्त जोरात ओरडायला हवं. शांत कोपरा मुलाने स्वतः जायची जागा आहे, शिक्षेची नव्हे. परिपाठाचा भोंगा सहन होत नसेल तर त्याला लांब उभं करा किंवा कान झाकायचं साधन द्या. ‘सवय होईल’ म्हणून भोंग्याखाली उभं करून सवय होत नाही.

फिट आली तर कांदा, चप्पल हुंगवू नका. तोंडात चमचा, बोट, पाणी काही घालू नका, हातपाय दाबून धरू नका. आजूबाजूची बाकं सरकवा, डोक्याखाली दप्तर किंवा शर्टाची घडी, मूल कुशीवर, आणि घड्याळ बघा. ५ मिनिटांपुढे गेली, शुद्ध न येता दुसरी आली, किंवा मुलाला लागलं असेल तर १०८. डॉक्टरांनी तातडीचं औषध लिहून दिलं असेल तर ते कपाटात कुठे आहे हे किमान तिघांना माहीत हवं, कारण ज्यांना माहीत असतं त्या बाई त्याच दिवशी रजेवर असतात.

धडा तोच, उत्तर वेगळं

वर्गात पाण्याचा पाठ चालू आहे. बाकीची मुलं गंगापूर धरणापासून घरच्या नळापर्यंतचा प्रवास लिहितात. एक मूल धरण, टाकी, नळ, पेला हे चार फोटो क्रमाने लावतं. तिसरं मूल ओलं-कोरडं हाताने ओळखतं आणि ‘अजून’चं कार्ड देऊन पाणी मागतं. विषय एक, वेळ एक. वेगळं पुस्तक देऊन कोपऱ्यात बसवणं म्हणजे समावेशन नव्हे. शेजारी बसणारा सोबती आठवड्याने बदला. एकाच शहाण्या मुलीवर वर्षभर ही जबाबदारी टाकली जाते आणि तिच्या आई-बाबांची तक्रार मग रास्तच असते.

आठवीनंतर

दहावीला बसणाऱ्या मुलासाठी जादा वेळ, तासाला २० मिनिटं, आणि लेखनिक या सवलती आहेत. लेखनिक खालच्या इयत्तेतला लागतो. प्रस्ताव शाळेमार्फत नाशिक विभागीय मंडळाकडे जातो. नववीच्या सुरुवातीलाच कागद तयार ठेवा आणि नववीच्या सगळ्या चाचण्या लेखनिकाबरोबरच द्यायला लावा. भूमितीची आकृती तोंडी सांगणं ही वेगळी कला आहे, ती मार्चमध्ये येत नाही. ज्यांना हा रस्ता जड जातो त्यांच्यासाठी राज्य मुक्त विद्यालय मंडळाच्या पाचवी, आठवी, दहावीच्या परीक्षा आहेत.

परीक्षेचा मार्ग नसलेल्या मुलाचा आराखडा १४ व्या वर्षापासून बदला: नाणी-नोटा, सिटीलिंकच्या बसचा नंबर ओळखून चढणं-उतरणं, किराणा दुकानात चिठ्ठी देणं, तासभर एका कामाला बसणं. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविध दिव्यांगत्व या चारांसाठी राष्ट्रीय न्यास कायदा १९९९ आहे. मूल १८ चं झालं की आई-वडील आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडे पालकत्वाचा अर्ज करावा लागतो. हे शाळेने सांगितलं नाही तर बँकेत खातं उघडायला गेल्यावर कळतं.

शाळा सुटताना हातात द्यायचं पान

एप्रिलमध्ये, किंवा द्राक्षाची छाटणी-खुडा संपून कुटुंब गावी परतणार असेल त्याच्या आदल्या आठवड्यात, एक पान लिहून लॅमिनेट करा. सर्वात वर फोटो. मग: मी ‘हो’ आणि ‘नाही’ कसं सांगतो. मला काय आवडतं. कशाने घाबरतो. मला कसं बसवायचं, कसं भरवायचं. औषध आणि वेळ. या वर्षी स्वतः करायला शिकलेल्या तीन गोष्टी आणि अर्धी राहिलेली एक, तिच्या पायरीसह. एक प्रत फाइलला, एक पालकांना, आणि वडिलांच्या मोबाइलमध्ये त्या पानाचा फोटो, कारण लॅमिनेट केलेलं पान ट्रॅक्टरच्या प्रवासात हरवतं, मोबाइल सहसा हरवत नाही. चित्रकार्डांचा संचही मुलाबरोबरच जाऊ द्या. ती शाळेची मालमत्ता म्हणून कपाटात ठेवून घेतली जातात, आणि जूनमध्ये मूल दुसऱ्या गावच्या वर्गात पुन्हा मुकं होऊन बसतं.